मुलाचे काम



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे विद्वान येऊन गेले. कोणी वेदान्त सांगितला, कोणी अर्थशास्त्र. आम्ही त्यांच्या पंक्तीला बसणारे नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते मागांच्या खडखडाटात आणि रात्री वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आजच्या भाषणात पांडित्य शोधू नये. युनियनचा माणूस तक्रार समजून घेतो ती एका ठरलेल्या रीतीने. तो आधी माणसाला विचारतो, मग यंत्रापाशी जाऊन पाहतो, आणि शेवटी नियमाचे पुस्तक उघडतो. त्याच क्रमाने हा विषय आम्ही समजून घेतला, आणि त्याच क्रमाने तो आपल्यापुढे मांडणार आहो.

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही महागाई भत्त्यावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. ‘लहान मुलांचा व्यवसायोपचार’ असे आम्ही सांगताच ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “म्हणजे बालमजुरीवर का?” यात त्यांचा दोष नाही. हा शब्द प्रथम कानावर आला तेव्हा आमचीही हीच समजूत झाली होती, आणि तीवरून आमच्या हातून एक अन्याय घडला. आरंभ तेथूनच करू.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या इचलकरंजीतला, चार मागांवर उभा राहणारा एक कामगार संध्याकाळी युनियनच्या कचेरीत आला. म्हणाला, “अण्णा, आठवड्यातनं दोन दुपारी सुट्टी पायजे. पोराला कोल्हापूरला न्यायचं हाय.” हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती आणि तीवर ‘व्यवसायोपचार’ असे लिहिले होते. मुलगा पाच वर्षांचा. आम्ही उखडलोच. “पाच वर्षांच्या पोराला कसला व्यवसाय लावतोस?” मग त्याने सगळे सांगितले. नवा सदरा अंगात घातला की मुलगा किंचाळतो. केस कापायचे तर तिघांनी धरावे लागते. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात घेऊन खाटेखाली शिरतो. एरवी दिवसभर स्वतःभोवती गोल फिरतो, भिंतीवर अंग टाकतो, आणि त्याला चक्कर म्हणून येत नाही. भात खातो, पण भाजी जिभेला लागली की ओकतो. बालवाडीने चार दिवसांत घरी पाठविला.

यावर आम्ही काय बोललो ते सांगावयास आज लाज वाटते. आम्ही म्हणालो, “लाडावलाय. दोन ठेवून दे, सरळ येईल.” तो काही बोलला नाही. चिठ्ठीची घडी घातली, आणि उंबऱ्यापाशी जाऊन एवढेच म्हणाला, “अण्णा, ते बी करून झालंय.”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही असे सांगितले तर ते भाषणात शोभेल, पण खोटे होईल. झोप आली. मात्र पुढच्याच आठवड्यात खाड्यांचे निमित्त करून मालकाने त्याचे माग दुसऱ्याला दिले, आणि प्रकरण रीतसर तक्रार म्हणून आमच्यापुढे आले. तक्रार आली की तपास करावाच लागतो. म्हणून आम्ही त्या बापलेकांबरोबर एस. टी. ने कोल्हापूरला गेलो.

तिथे जे पाहिले ते इस्पितळासारखे नव्हते. मोठी खोली, छताच्या कडीला कापडी झोळी टांगलेली, भिंतीला शिडी, दोन मोठे रबरी चेंडू, परातीत कणीक, डब्यात मणी. उपचार करणारी बाई वयाने तरुण होती. तिने मुलाला प्रथम झोळीत बसवून सावकाश, एकाच दिशेने झोके दिले. मग पुस्तकांनी भरलेले खोके खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलावयास लावले. मग शिडी, मग कणीक. हा सगळा खेळच होता. पण तीन-चार वेळा आमच्या ध्यानात आले की मूल कंटाळण्याच्या किंवा रडण्याच्या बेतात आले की ती काम किंचित सोपे करी, आणि ते रमले की किंचित अवघड. पाऊण तासाने तो शांत बसला. मग तिने त्याच्या अंगात जुना, मऊ सदरा घातला, सगळी बटणे स्वतः लावली, आणि शेवटचे एक त्याच्यासाठी ठेवले. ते त्याने लावले. पुढच्या खेपेस दोन ठेवणार, असे तिने सांगितले. आम्ही विचारले, “बाई, शेवटापासून का? पहिल्यापासून शिकवावे.” ती म्हणाली, “काका, काम पुरे केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळायला हवा ना!”

बंधुभगिनींनो, तीस वर्षे कामगारांत काढलेल्या आम्हांस कामाविषयीची ही गोष्ट त्या खोलीत कळली.

आता शब्दाचा उलगडा. ‘व्यवसाय’ म्हटले की आपल्यास धंदा आठवतो. इथे त्याचा अर्थ व्यापक आहे. माणसाचा दिवस ज्या ज्या कामांनी भरलेला असतो ती सारी त्याचा व्यवसाय होत. पाच वर्षांच्या मुलाचा व्यवसाय कोणता? स्वतः जेवणे, अंघोळ करणे, कपडे घालणे, खेळणे, रेघोट्या ओढणे, दुसऱ्या मुलाशी भांडणे आणि पुन्हा गट्टी करणे. ज्याला ही कामे करता येत नाहीत त्याच्यासाठी काम, साधन, जागा किंवा करण्याची रीत बदलून ती त्याच्या आवाक्यात आणावयाची, आणि कामातूनच त्याचे अंग व मन तयार करावयाचे, याला व्यवसायोपचार म्हणतात. स्वमग्न मूल, मेंदूच्या पक्षाघाताने हातपाय ताठलेले मूल, डाउन सिंड्रोमचे मूल, अतिचंचल मूल, अक्षर काढताना पेन्सिल मोडणारे मूल, या सर्वांना त्याचा उपयोग होतो.

या शास्त्राचा इतिहास आम्ही मागाहून वाचला, आणि त्यात आमच्याच बिरादरीची माणसे भेटली. ज्या शिकागो शहरात १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी कामगार लढले, त्याच शहरात जेन अॅडम्स यांनी १८८९ साली कामकरी वस्तीत ‘हल हाउस’ उघडले. त्या परिसरात एलिनर क्लार्क स्लेगल या बाईंनी १९११ साली, मनोरुग्णांना हस्तोद्योगांतून बरे कसे करावे याचे शिक्षण घेतले. पुढे १९१७ साली न्यूयॉर्क राज्यात क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे अमेरिकेतील व्यवसायोपचारकांची पहिली संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत त्या होत्या. अॅडॉल्फ मायर या वैद्याने १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांचा मेळ बसला तरच माणसाचे आरोग्य टिकते. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःचे, ही कामगारांची जुनी मागणी याहून फारशी निराळी नाही.

आपल्या देशात हे शास्त्र आणणारी बाई अमेरिकेत जन्मलेली आणि महाराष्ट्राची सून झालेली. एलिझाबेथ लंडी हे त्यांचे माहेरचे नाव. १९३० साली विष्णु निंबकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या कमलाबाई निंबकर झाल्या. त्यांनी अमेरिकेत जाऊन हे शिक्षण घेतले, आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. आशियातील अशी ती पहिली शाळा समजतात. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता.

हे रुग्णालय कोठे आहे? परळला, गिरणगावात. आमचे वडील परळच्याच एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि तो कसा संपला हे आपण जाणता. आम्ही इकडे आलो ते त्यानंतर. पण त्याआधी लहानपणी त्या रुग्णालयाच्या फाटकावरून आम्ही शेकडो वेळा गेलो असू. आत कोणी काम करण्याची कला शिकवीत आहे याची गंधवार्ता कामकऱ्यांच्या चाळीत नव्हती. विद्या आपल्या दारात असते आणि तरी आपल्या घरात येत नाही, याचे हे एक उदाहरण.

असो. माणसाला विचारून झाले, आता यंत्रापाशी जाऊ.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रिये शिकलो. आता आपण सर्वांनी क्षणभर डोळे मिटावे आणि उजव्या हाताचे बोट नाकाच्या शेंड्याला लावावे. (हशा) लागले ना? कोणाचे डोळ्यात गेले नाही. मग डोळे मिटलेले असताना हात कोठे आहे हे कोणी सांगितले? स्नायूंत आणि सांध्यांत संवेदना असतात. शरीराचा कोणता भाग कोठे आहे आणि किती जोर लागतो आहे, याची वर्दी त्या मेंदूला देतात. दुसरी एक संवेदना अंतर्कर्णात आहे. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारची इंद्रिये डोके कोणीकडे वळले, वेग किती, तोल कोणीकडे, हे सांगतात. बहुतेकांच्या बाबतीत हे सारे इतके बिनबोभाट चालते की त्यास नावही द्यावेसे वाटत नाही.

काही मुलांच्या बाबतीत या वर्द्यांचा हिशेब मेंदूत नीट लागत नाही. हे ओळखून त्यावर उपचाराची पद्धत बसविली ती जीन एअर्स या अमेरिकन व्यवसायोपचारक बाईंनी. त्यांचा मुख्य ग्रंथ १९७२ साली निघाला. सांगावयाचे ते असे की एखाद्या मुलाला सदऱ्याच्या गळपट्टीवरचे लेबल विंचवासारखे डसते. दुसऱ्याला अंगाची वर्दीच अपुरी मिळते, म्हणून ते भिंतीवर आदळते, उड्या मारते, सदऱ्याची कॉलर चघळते. ज्याला आपण दांडगाई म्हणतो तो त्याचा स्वतःचे अंग शोधण्याचा खटाटोप असतो. एकाच मुलात या दोन्ही गोष्टी असू शकतात. आमच्या त्या मुलात होत्या. मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात २०१३ सालापासून स्वमग्नतेच्या लक्षणांत संवेदनांच्या या अतिरेकाची किंवा उणिवेची नोंद आहे.

मागखात्यात पहिल्या दिवशी आलेला माणूस आवाजाने हैराण होतो; महिन्याभराने त्याच आवाजात तो डबा खातो. ऐकू येणे काही अंशी कमी होते हे दुर्दैव खरे, पण मेंदूही नको तो आवाज बाजूला सारण्यास शिकतो. ज्या मुलाचा मेंदू हे बाजूला सारणे जाणत नाही त्याच्यासाठी रोजचा दिवस हा मागखात्यातला पहिला दिवस असतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल आवाजाची मर्यादा घातली आहे. ती किती पाळली जाते हे आपले कान सांगतील. पण निदान कागदावर मर्यादा आहे. मिरवणुकीतल्या भिंतींएवढ्या कर्ण्यांपुढे कान झाकून रडणाऱ्या मुलासाठी मात्र आपल्यापाशी कोणता नियम आहे? आपण म्हणतो, भित्रा आहे.

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. कापडात डाग निघाला की मालक म्हणतो, कामगार कामचुकार आहे, मजुरी कापा. युनियन काय विचारते? उजेड किती होता? सूत कोणत्या प्रतीचे होते? माग शेवटचा दुरुस्त कधी केला होता? माणसावर आरोपपत्र ठेवण्याआधी कामाची परिस्थिती तपासा, एवढे एकच तत्त्व आम्ही जन्मभर सांगत आलो. आणि घरात, शाळेत मूल आले की आम्हीच मालक होतो. द्वाड, हट्टी, आळशी, मठ्ठ असे शेरे मारून मोकळे होतो. तपास न करता शिक्षा! कारखान्यात हे घडले असते तर आम्ही फाटकापाशी सभा घेतली असती.

परिस्थिती तपासली म्हणजे उपाय पुष्कळदा साधे निघतात. सदऱ्याचे लेबल उसवून टाकावे. नवे कापड आधी चार वेळा धुवावे. कुकर लावण्यापूर्वी मुलाला सांगावे. बाकावर पाय लोंबकळत असतील तर पायाखाली लाकडी फळी द्यावी, कारण पाय अधांतरी असताना हात स्थिर राहत नाही. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा. जड वस्तू उचलणे, ढकलणे, कणीक तिंबणे असली कामे बसून करावयाच्या कामाआधी द्यावीत. कोणत्या मुलाला काय लागू पडेल हे मात्र जाणत्याने पाहून ठरवावे. एकाला शांत करणारा झोका दुसऱ्याला बेभान करतो.

आता एक इशारा. आम्ही या विद्येचे भक्त आहो, दलाल नव्हे. झोळ्या-झोपाळ्यांच्या पद्धतीने सर्व काही बरे होते असे कोणी सांगू लागला तर सावध राहावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली असे सांगितले की ही पद्धत एकूण उपचारांचा एक भाग म्हणून वापरता येईल. पण तिच्यामागचा पुरावा मर्यादित आहे, ही गोष्ट पालकांना स्पष्ट सांगावी. २०२२ साली ब्रिटनमधील १३८ स्वमग्न मुलांच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. ही विशिष्ट पद्धत मिळालेली मुले आणि नेहमीची मदत मिळालेली मुले, यांच्या चिडचिडीत सरासरीने फरक दिसला नाही. दुसऱ्या काही छोट्या चाचण्यांत, जिथे प्रत्येक मुलासाठी रोजच्या जीवनातली नेमकी उद्दिष्टे ठरविली होती, तिथे फायदा दिसला आहे.

यातून आम्ही जो धडा घेतला तो युनियनचाच आहे. करार मोघम करू नये. उपचार सुरू करताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: तीन महिन्यांत मूल सदरा स्वतः घालील काय, हाताने जेवेल काय, दहा मिनिटे एका जागी बसून काम करील काय? मुदत संपली की हिशेब मांडावा. प्रगती असेल तर पुढे जावे, नसेल तर रीत बदलावयास सांगावे. उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारावी. महाराष्ट्रात त्यासाठी २००२ सालचा आणि देशात २०२१ सालचा कायदा आहे. आणि घरी काय करावे हे जो शिकवीत नाही त्याच्यापाशी फार दिवस थांबू नये. आठवड्याचे दोन तास खोलीतले. उरलेले सारे आईबापांचे.

शेवटी नियमाचे पुस्तक. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात एकवीस प्रकार मानले आहेत. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, विशिष्ट अध्ययन अक्षमता, बौद्धिक दिव्यांगता ही त्यांत येतात. कायद्याने ठरविलेल्या प्रमाणात दिव्यांग असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०१३ साली आपल्या पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी, त्यात विकासातील विलंबही, आणि पुढील मदतीसाठी जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र अशी ती योजना आहे. तिचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यावयाचे असते. ते आले काय, आपल्या गल्लीतले कोणते मूल त्या दिवशी घरी लपविले गेले, हे आपण विचारले पाहिजे.

पण पुस्तकात एक पान कोरे आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतील आईला अपत्यसंगोपनासाठी सबंध सेवेत ७३० दिवसांची रजा मिळते. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका राज्याला बजावले की दिव्यांग मुलाच्या आईला अशी रजा देण्याचा विचार करा. उत्तम झाले. पण मीटरवर मजुरी घेणाऱ्या मागवाल्याला, हजार विड्यांवर मजुरी घेणाऱ्या बाईला काय? तिच्यासाठी उपचार मोफत असला तरी फुकट नाही, एस. टी. चे भाडे आणि बुडालेली मजुरी हीच त्याची फी. उपचार अर्ध्यावर सुटतात ते मायेची कमतरता असते म्हणून नव्हे. खाडा परवडत नाही म्हणून. आमचे सांगणे एवढेच की असा उपचार कामगारवस्तीच्या चालीच्या अंतरावर आणि पाळीच्या वेळा पाहून मिळावा, आणि अशा पालकाचा खाडा हा खाडा धरू नये.

त्या कामगाराचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. आम्ही मालकाकडे चार खेपा घातल्या. कायदा दाखविला, विनवणी केली, ढिम्म. तोड काढली ती शेजारच्या मागावरच्या माणसाने. तो म्हणाला, “त्या दोन दुपारी त्याचे माग मी बघतो, माझी रविवारची पाळी त्याने करावी.” उत्पादन बुडत नाही म्हटल्यावर मालकाने माग परत दिले. आम्ही भाषणे करीत राहिलो आणि संघटना म्हणजे काय ते त्या निरक्षर माणसाने करून दाखविले.

मुलगा आज शाळेत जातो. तो इतरांसारखा झाला नाही आणि होणारही नाही. कुकरची शिट्टी झाली की अजून कान झाकतो. पण सदरा स्वतः घालतो, आणि भाज्यांपैकी दोन खातो. त्याच्या वर्गाच्या बाईंनी एक युक्ती केली आहे. तो चुळबुळ करू लागला की वह्यांचा गठ्ठा मुख्याध्यापकांच्या खोलीत नेऊन ठेवण्याचे काम त्या त्याला देतात. जड गठ्ठा छातीशी धरून तो जातो, परत येतो आणि बसतो. पोरांना वाटते, याच्याकडे मोठे जबाबदारीचे काम आहे. खरेच आहे.

आता एकच. ‘दोन ठेवून दे’ असे आम्ही त्या बापाला म्हणालो होतो. पुढे त्याची माफी मागितली, पण ती कचेरीत, दार लावून. असा सल्ला आपण आजही चारचौघांत, मोठ्या आवाजात देत असतो. म्हणून माफीही चारचौघांतच मागितली पाहिजे. तो या सभेत मागच्या रांगेत बसला आहे. गड्या, आमचे चुकले.